एकाच मळ्याची सिराह: इंदूरच्या घरात पहिली बाटली उघडण्याआधी

आमच्याकडे वर्षाचा गहू उन्हाळ्याच्या तोंडावर भरतात. इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत अजून भरतात. आजी शरबती घ्यायची तो सीहोरकडच्या एका ठरावीक शेतकऱ्याचा, आणि त्यातही त्याच्या विहिरीजवळच्या शेतातला. बाजारातला शरबती आणि त्या शेतातला शरबती ही तिच्या लेखी दोन वेगळी धान्यं होती. पीठ मळताना ती सांगायची, "यंदा दाणा बारीक आहे, पाणी कमी पडलेलं दिसतंय."

सिंगल व्हिनयार्ड वाइन कळायला मला हीच गोष्ट उपयोगी पडली. द्राक्षं एकाच मळ्याची, एकाच हंगामाची, दुसऱ्या कुठल्या बागेचा माल त्यात मिसळलेला नाही. त्या जमिनीला आणि त्या वर्षाला जे जमलं ते बाटलीत. म्हणून ती घरी आणल्यावर आपलं काम एकच: मळ्याने जे दिलंय ते आपल्या हातून बिघडू द्यायचं नाही. इंदूरच्या उन्हात हे काम वाटतं तेवढं सोपं नसतं, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे. ज्यांनी कधी रेड वाइन घेतलीच नाही, किंवा एकदा घेऊन "आंबट-कडू आहे" म्हणून सोडून दिली, त्यांच्यासाठी. मध्य प्रदेशात कायद्याने वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे किंवा जे घेतच नाहीत त्यांना आग्रह करू नये, एवढं आधीच सांगून पुढे जातो.

सिराह म्हणजे काय

सिराह आणि शिराझ हे एकच द्राक्ष, आणि त्याच्या रेड वाइनचंही हेच नाव. फ्रान्समध्ये सिराह म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ. इराणातल्या शिराझ शहरातून हे द्राक्ष आलं अशी कथा बरीच वर्षं सांगितली जायची. १९९८ मध्ये डीएनए तपासणीतून या द्राक्षाच्या आईबापांचा पत्ता लागला: दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश, दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातली, फारशी नावाजलेली नसलेली द्राक्षं. म्हणजे पोर तिथलंच. लेबलवर सिराह लिहिलं आहे की शिराझ, यावरून करणाऱ्याच्या मनात कुठली धाटणी आहे याचा थोडा अंदाज येतो. सिराह लिहिणारे बहुधा फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्याकडे बघत असतात, मिरीचा वास आणि जरा आवरलेली चव. शिराझ लिहिणारे पिकलेल्या, भरदार फळाकडे. पण हा नुसता अंदाज आहे, नियम नव्हे.

मण्याची साल काळसर निळी. रंग आणि तोंडाला येणारा तुरटपणा सालीतून आणि थोडा बियांतून येतो, कारण रेड वाइनचा रस सालींसकट आंबवतात. हा तुरटपणा म्हणजे दोष नाही. कोऱ्या चहात असतो, कच्च्या जांभळात असतो, तसाच तो. पहिल्यांदा पिणाऱ्याला तोच "कडू" वाटतो आणि तिथेच मन उडतं. जांभूळ आठवा, मग तो ओळखीचा वाटेल.

बाटली निवडताना

लेबलवर तीन गोष्टी शोधा. द्राक्षाचं नाव, वर्ष, आणि मळ्याचं किंवा प्लॉटचं नाव. आपल्याकडचे शेतकरी शेतांना नावं देतातच: विहिरीचं, माळावरचं, आंब्याखालचं. चांगल्या सिंगल व्हिनयार्ड बाटलीवर असंच एखादं नाव असतं. नुसतं "इस्टेट" लिहिलं असेल तर अर्थ एवढाच की द्राक्षं वायनरीच्या, म्हणजे वाइन करणाऱ्याच्या, स्वतःच्या जमिनीतली आहेत. ती जमीन चार ठिकाणी असू शकते. "रिझर्व्ह" या शब्दावर भुलू नका. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात तरी त्याला कायद्याची पक्की व्याख्या नाही.

जगातलं सगळ्यात सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. ईडन व्हॅलीत हेन्श्की नावाचं कुटुंब १८६८ पासून वाइन करतं. त्यांच्या 'हिल ऑफ ग्रेस' मळ्यातल्या सर्वांत जुन्या वेली १८६० च्या आसपास लावलेल्या आहेत आणि अजून फळ देतात. शेजारी जुनं लुथरन चर्च आहे, त्याच्या जर्मन नावावरून मळ्याचं नाव पडलं. १९५८ पासून त्या एका मळ्याची शिराझ वेगळी भरतात, आणि ज्या वर्षी पीक मनासारखं आलं नाही त्या वर्षी बाटली काढलेलीच नाही. हे मला फार मोठं वाटतं. एका वर्षाची कमाई सोडायला घरच्याच माणसांचा निर्णय लागतो.

पण म्हणून एका मळ्याची ती श्रेष्ठ आणि मिसळलेली ती कमी, असं समजू नका. ऱ्होन खोऱ्यातल्या अर्मिताज टेकडीवरचं शाव्ह कुटुंब १४८१ पासून द्राक्षं लावतं, आणि त्यांची प्रसिद्ध वाइन टेकडीवरच्या वेगवेगळ्या तुकड्यांची मिसळूनच होते. गोडा मसाला मिसळूनच चांगला लागतो. शरबती गहू मात्र निवडून घ्यावा. दोन्ही बरोबर आहे. सिंगल व्हिनयार्डमध्ये तुम्ही जमिनीचा स्वभाव विकत घेता, आणि स्वभावात उणंही असतं.

ही परदेशी नावं महाग आहेत, पहिल्या बाटलीला त्यांची गरज नाही. आपल्यापासून साधारण चारशे किलोमीटरवर नाशिक आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची रेव्हेलो वायनरी आहे, ते सिराह करतात. इगतपुरीकडे व्हॅलोने आहे. हिवाळ्यात बातम्यांत "निफाडचा पारा घसरला" असं ऐकतो ना, तो पारा याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला असतो. जिथे गव्हाला थंडी मानवते तिथेच काळ्या द्राक्षालाही रात्रीचा गारवा मिळतो, आणि त्या गारव्याने रसातली आंबटाई टिकून राहते. खालची जमीन दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचीच सख्खी बहीण.

कुटुंबाची वायनरी असण्याचा खरा फायदा हा की प्रश्न विचारता येतात. फोन करा, किंवा गेलात तर समोर उभं राहून विचारा. ही द्राक्षं कुठल्या तुकड्यातली? लागवड कधीची? तोडणी कुठल्या आठवड्यात झाली? लाकडी पिंपात किती महिने ठेवली आणि पिंपं नवी की वापरलेली? उत्तर देणारा माणूस "गोडी छाटणीला यंदा उशीर झाला, पाऊस थांबतच नव्हता" असं काही बोलायला लागला की समजा, योग्य ठिकाणी आलात. नाशिककडे वेल युरोपातल्यासारखी थंडीत गाढ झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी, आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, फळासाठी. तोडणी जानेवारी ते मार्च. दोन छाटण्या, पण पीक एकच. बाटलीवरचं वर्ष हे या तोडणीचं वर्ष.

शाकाहारी घरांनी आणखी एक विचारावं. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातलं प्रथिन वापरतात. ते गाळासोबत निघून जातं, पण ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारलेलं बरं. बऱ्याच ठिकाणी माती वापरतात किंवा काहीच वापरत नाहीत.

दुकान आणि रस्ता

इंदुरात घेत असाल तर दुकानात बाटली कुठे ठेवली आहे ते आधी बघा. मी पहिली चांगली सिराह घेतली ती काचेच्या दर्शनी कपाटातून, एप्रिल महिन्यात, दुपारचं ऊन थेट पडणाऱ्या जागेवरून. किंमत बघितली, वर्ष बघितलं, ऊन बघितलं नाही. घरी उघडली तर वास शिजवलेल्या मनुकांचा आणि चव बोथट. तेव्हा वाटलं की सिराह अशीच असते, आणि वर्षभर मी ती पुन्हा घेतली नाही. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा उन्हातली, दिव्याखालची किंवा बूच वर सरकलेली बाटली घेऊ नका. आतल्या खोलीतली मागा. मागायला संकोच कसला?

नाशिकहून गाडीने आणणार असाल तर डिकीत ठेवू नका. धुळे, शिरपूर, सेंधवा असा तो रस्ता उन्हाळ्यात भट्टीसारखा असतो. जाड टॉवेलात गुंडाळून एसी चालू असलेल्या भागात, सीटच्या पायाशी ठेवा. आणि खरेदीआधीच वायनरीत विचारून घ्या की किती बाटल्या नेता येतात आणि कुठला कागद लागतो. राज्य ओलांडताना दोन्हीकडचे अबकारी नियम लागू होतात आणि ते बदलत असतात. सहलीला निघालेल्यांसाठी आणखी एक: १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेशातल्या काही धार्मिक गावांत दारूविक्री बंद आहे. त्यात उज्जैन, महेश्वर आणि ओंकारेश्वर येतात. घाटावर बसून वाइन हा बेत मनातही आणू नका. ती जागा त्यासाठी नाही.

घरात कुठे ठेवायची

स्वयंपाकघरात नाही. फ्रिजच्या वर तर मुळीच नाही, तिथे मागून गरम हवा येते. माळ्यावरही नाही, स्लॅब तापतो. घरातली सगळ्यात आतली, अंधारी, उत्तरेकडची खोली शोधा, दिवाणाखाली चालेल. बूच लाकडी असेल तर आडवी, म्हणजे ते ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी बिघडत नाही. महिनाभरात उघडणार असाल आणि बाहेर मार्च ते जून असेल, तर सरळ फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून द्या. वर्षानुवर्षं साठवायला फ्रिज बरा नाही, पण आपल्या उन्हाळ्यापेक्षा शंभर पटीने बरा.

तापमान

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

"रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते वाक्य युरोपातल्या दगडी घरांचं आहे. इंदुरात मे महिन्यात खोली पस्तिशीला असते. त्या तापमानाला सिराहमधलं अल्कोहोल नाकात चढतं, फळ दिसेनासं होतं आणि घशाला नुसती जळजळ होते. तिला हवं असतं १६ ते १८ अंश. आपल्याकडच्या जानेवारीच्या पहाटेसारखं नाही, तर दिवाळीनंतरच्या रात्री गच्चीत बसल्यावर अंगाला लागतो तेवढा गारवा.

माझ्या घरच्या फ्रिजचा अनुभव असा. खोली ३४ च्या आसपास असेल तर बाटली साधारण दोन तास फ्रिजमध्ये हवी. एसीच्या खोलीतली असेल तर सव्वा तास. डिसेंबरात अर्धा-पाऊण तास पुरतो. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका. पाण्याशिवाय तो बाटलीला सगळीकडून लागत नाही. फ्रीझर नको, विसरलात तर काच तडकते. ग्लासात बर्फ टाकणं मात्र कधीच नाही: वितळलेल्या बर्फाबरोबर मळाही पातळ होतो.

जेवणाच्या टेबलावर बाटली पटकन तापते. म्हणून १५–१६ अंशांना बाहेर काढा आणि ग्लासात थोडी थोडीच ओता. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर पहिल्या एक-दोन वेळा वापरा. नंतर बाटलीला हात लावून कळतं.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. एकाच बाटलीतली वाइन दोन ग्लासांत घ्या, एक १७ अंशांना, एक अर्धा तास उन्हाळी खोलीत ठेवलेला. डोळे मिटून दोन्ही हुंगा. माझ्या वहिनीने हे केलं तेव्हा तिला दोन वेगळ्या बाटल्या वाटल्या. गरम ग्लासाला ती म्हणाली, "हे तर खोकल्याच्या औषधासारखं आहे." त्या दिवसापासून आमच्या घरी बाटली फ्रिजमध्ये कधी ठेवायची ते तीच ठरवते.

उघडणं आणि ओतणं

बूच असेल तर मळसूत्र सरळ मध्ये घाला, तिरकं नको, आणि हळू ओढा. फाट् आवाज काढायची गरज नाही. तरुण सिराह, म्हणजे तोडणीपासून तीन-चार वर्षांच्या आतली, उघडल्याबरोबर जरा घुमी असते. काचेच्या रुंद जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, हवा लागली की मोकळी होते. जग काचेचाच. घरातलं तांब्याचं किंवा पितळेचं सुंदर भांडं मुळीच नको. वाइन आंबट असते आणि त्या धातूंशी तिची प्रक्रिया होते. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ असतो. आदल्या दिवशी ती उभी करून ठेवा आणि शेवटचा घोटभर बाटलीतच राहू द्या.

ग्लास मोठ्या पोटाचा, तोंडाला निमुळता. तो निम्म्याहूनही कमी भरायचा. चव घेण्यापुरती ५०–६० मिलिलिटर वाइन पुरते, आणि ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत पाच-सहा जणांची संध्याकाळ आरामात होते. बाहेरून आलेल्यांची परतीची गाडी कोण चालवणार हे ओतण्याआधी ठरवा. त्या माणसाने हुंगावं, प्यावं नाही.

वास घेण्याचा रियाज

पुस्तकी शब्द बाजूला ठेवा. ब्लॅकबेरी आपल्यातल्या किती जणांनी झाडावरून तोडून खाल्ली आहे? स्वयंपाकघरातून पाच वाट्या आणा: नुकती कुटलेली काळी मिरी, दोन लवंगा, आमसूल, काळ्या मनुका, आणि हंगाम असेल तर जांभूळ. एक वाटी हुंगायची, मग ग्लास. पुन्हा दुसरी वाटी, पुन्हा ग्लास.

मिरीपाशी थांबा. सिराहमध्ये मिरीचा वास येतो ही कविकल्पना नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो ज्यामुळे येतो ते रोटंडोन नावाचं द्रव्य शोधलं, आणि तेच द्रव्य खऱ्या काळ्या मिरीतही आहे. गार हवेत पिकलेल्या द्राक्षांत ते जास्त असतं. उष्ण जागी त्याऐवजी पिकलेलं फळ, मुरंबा, चॉकलेट असं पुढे येतं. आणि साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. त्याचं नाक वाईट नसतं, त्या एका द्रव्यासाठी ते बंद असतं. तेव्हा पाच जण बसलात आणि एकाला मिरी सापडली नाही, तर त्याला पटवत बसू नका. त्याला कदाचित भाजलेल्या वांग्याच्या सालीचा धूर किंवा नव्या कोल्हापुरी चपलेचं चामडं आधी सापडेल. सिराहमध्ये तेही असतं.

मग एक छोटा घोट, तोंडात फिरवून. आधी आंबटाई, मग फळ, मग हिरड्यांवर तुरटपणा. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजा. दहाच्या पुढे गेलात तर मळा चांगला आहे.

ताटात काय

तिखट जपून. मिरची आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात, वर तुरटपणाही टोचायला लागतो. म्हणून झणझणीत तर्रीचा रस्सा, हिरव्या मिरचीची कचोरी हे वेगळ्या दिवशी.

माझ्या मते सिराहचा खरा सोयरा आहे भरली वांगी: दाण्याचं कूट, गोडा मसाला, तेल सुटलेलं, मिरची हात राखून. गोड्या मसाल्यातली लवंग-मिरी वाइनमधल्या मिरीला हाक मारते आणि कुटाचा स्निग्धपणा तुरटपणाला गुळगुळीत करतो. त्याखालोखाल मिरी घातलेलं सुकं मटण. दाल-बाफल्यातला बाफला तुपात बुडवून नुसता खाल्ला तर तोही फार छान जमतो. हिवाळ्यात गराडू आलं की तळून, मसाला कमी आणि लिंबू अगदी थेंबभर. रतलामी शेव लवंग-मिरीची असल्यामुळे मधल्या खाण्याला उत्तम, पण फार तिखट हातची नको.

भुट्ट्याचा कीस सिराहखाली दबून जातो, त्याला पांढरी वाइन बरी. जिलबी, श्रीखंड, शिकंजी यांच्याबरोबर नाहीच. गोडापुढे ती नुसती आंबट लागते.

उरली तर

बूच किंवा झाकण परत घट्ट लावून बाटली उभी, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती पुष्कळदा आदल्या रात्रीपेक्षा चांगली लागते. मळ्याचं खरं बोलणं मला कधी कधी दुसऱ्याच दिवशी ऐकू आलं आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत ठीक. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा आणि वहीत चिकटवा. खाली वर्ष, काय खाल्लं आणि कोण बसलं होतं ते लिहा. पुढच्या वर्षी त्याच मळ्याची पुढच्या हंगामाची बाटली घ्यायची, आणि आधी ते पान उघडायचं.

चौथ्या दिवशी जे उरेल ते पिऊ नका. मटणाचा कांदा तपकिरी झाला की त्यात अर्धी वाटी ओता आणि आंबट वाफ निघून जाईपर्यंत मोठ्या आचेवर परता.